परत येणार याचा पुरावा

माझ्या नावावर घर नाही, शेत नाही, नवरा नाही, मूल नाही. एरवी मला यातलं काहीच खटकत नाही. पण २०२५च्या जुलैत एका रात्री पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की यातलं एखादं तरी असतं तर बरं झालं असतं. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत जोडायचं पत्र लिहीत होते. कुठे जाणार, किती दिवस राहणार, पैसा कुणाचा, सगळं लिहून झालं होतं. गाडी अडली ती शेवटच्या परिच्छेदावर. मुदतीच्या आत मी भारतात परत येईन, हे कशावरून?

सव्वीस वर्षांच्या, बिनलग्नाच्या, तीन वर्षं नोकरी झालेल्या मुलीकडे याचं उत्तर काय असणार? माझी स्कूटी पुण्यात आहे, असं लिहावंसं वाटलं.

आज्जीने हाच प्रश्न पाच महिने आधी विचारला होता. फेब्रुवारीत सांगलीला गेले होते तेव्हा जेवताना सहज विषय काढला, "सप्टेंबरात आठ-दहा दिवस युरोपला जाईन म्हणते." आई म्हणाली, "एकटी?" बाबा म्हणाले, "किती खर्च?" आणि आज्जी भाकरी मोडता मोडता म्हणाली, "परत कवा येणार?" तिच्या बहिणीचा मुलगा दोन वर्षांसाठी म्हणून अमेरिकेला गेला, त्याला आता बावीस वर्षं झाली. तेव्हापासून परदेश म्हणजे गेलेलं माणूस न सोडणारी जागा, हे तिचं पक्कं मत आहे.

एकटी नव्हते. रूममेट बरोबर होती. ती नांदेडची, पूर्ण शाकाहारी आणि हिशेबाला इतकी पक्की की घरातल्या गॅस सिलिंडरची तारीखसुद्धा तिच्या एक्सेलमध्ये असते. बाबांचं म्हणणं होतं की टूरनेच जा: बारा दिवसांत सात देश, रोज रात्री वरणभात, सोबत मराठी बोलणारा माणूस. त्यात चूक काहीच नाही, माझे काका-काकू तसेच जाऊन आले आणि खूश होते. पण त्या टूरचे पैसे आमच्या ऐपतीच्या दुप्पट होते, हेही खरं.

आमची स्वतःची पहिली यादी मात्र टूरवाल्यांपेक्षाही हावरी निघाली. पॅरिस, ॲमस्टरडॅम, झुरिक, व्हेनिस, रोम, बार्सिलोना आणि जमलं तर प्राग. दहा दिवसांत. रूममेटने प्रत्येक दोन शहरांमधला प्रवास, स्टेशन गाठायचा वेळ, सामान ठेवायचा वेळ अशी बेरीज केली आणि म्हणाली, "यात चार दिवस आपण नुसत्या बॅगा ओढतोय." त्या रात्री पाच शहरं उडाली. राहिली प्राग आणि रोम, आणि त्यांच्यामध्ये नकाशावर हे एवढं अंतर. मग रोमही उडालं.

प्रागला धरून उरलेलं बसवायचं ठरलं तेव्हा नकाशाने आपणच रस्ता दाखवला. प्रागहून व्हिएन्ना रेल्वेने चार तास, व्हिएन्नाहून बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. म्हणजे पुणे-मुंबईच्या आसपासच. १९१८ पर्यंत ही तिन्ही शहरं एकाच ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होती. आज तिथे तीन देश, तीन भाषा आणि तीन चलनं आहेत, तरी रेल्वेचे रूळ जुन्या नात्यानेच धावतात. शिवाय पॅरिस किंवा झुरिकच्या मानाने राहणं-खाणं स्वस्त. आयफेल टॉवर नाही म्हटल्यावर बाबांचा चेहरा पडला. "मग शेजाऱ्यांना सांगायचं काय?" असं ते बोलले नाहीत, पण मला ऐकू आलं.

आता तारखा. गौरी-गणपती घरी हवेत, हे माझ्यासाठी अटीसारखंच. अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला, घटस्थापना २२ला. मधली मोकळी जागा म्हणजे पितृपंधरवडा. हे आज्जीला सांगायची जबाबदारी आईने माझ्यावर टाकली. "पित्रांत कोण नवीन वाटंला लागतं गं?" आज्जी म्हणाली. आजोबांची तिथी द्वादशीची, म्हणजे १८ तारखेला, बरोबर आम्ही व्हिएन्नात असताना. मी म्हटलं, मला रजा तेव्हाच मिळते. हे अर्धंच खरं होतं. तिने वाद घातला नाही, फक्त पुन्हा विचारलं, "परत कवा?" मी म्हटलं, "घट बसायच्या दिवशी सकाळी." ती तारीख तिने दिनदर्शिकेवर गोल करून ठेवली.

तर ११ सप्टेंबरच्या रात्री मुंबईहून निघायचं, २२ला पहाटे परत. नऊ रात्री, सात रजा. विमानाचं तिकीट काढताना एकच शहाणपणा केला: प्रागला उतरायचं आणि बुडापेस्टहून परत फिरायचं. तिकिटाच्या साइटवर येण्या-जाण्याचं एकच शहर टाकण्याऐवजी ‘मल्टी-सिटी’ नावाचा पर्याय असतो. त्यामुळे शेवटी पुन्हा प्रागला माघारी येण्याचा एक दिवस आणि एक तिकीट वाचतं. व्हिसा हातात येण्याआधी तिकीट घेऊ नका, नुसतं आरक्षण दाखवा, असं सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे. आम्ही थोडे जादा पैसे देऊन रद्द करता येणारं तिकीट घेतलं. माणशी ५६ हजार.

मी सव्वीस वर्षांची असल्याने रेल्वेच्या युवा पासचाही मोह झाला होता. युरोपबाहेरच्यांसाठी युरेल पास असतो आणि त्यात २७ वर्षांपर्यंत सवलत मिळते. पण सगळीकडे चालणारा लहानातला लहान पास चार प्रवासदिवसांचा, आणि आमचे लांबचे प्रवास दोनच. दोन सुटी तिकिटं आधीच काढली तर दोन्ही मिळून चाळीस युरोंच्या आसपास बसत होती. रूममेटने पासवर काट मारली आणि मी हळहळले, कारण गळ्यात पास अडकवून युरोपभर हिंडणारी मुलगी मला फार वर्षांपासून व्हायचं होतं.

व्हिसा कुणाकडे मागायचा, हा पहिला पेच. शेंगेन ही तशी देशांची एक मोठी सोसायटीच. ज्या गावाच्या नावाने ती ओळखली जाते ते शेंगेन लक्झेंबर्गमध्ये मोझेल नदीकाठी आहे, आणि मूळ करारावर १४ जून १९८५ला तिथे नदीतल्या एका बोटीवर सह्या झाल्या. व्हिसा एकच, पण अर्ज करायचा तो ज्या देशात सर्वांत जास्त रात्री काढणार त्याच्याकडे. रात्री सारख्या असतील तर जिथे पहिलं पाऊल ठेवणार त्याच्याकडे. आमचं गणित आधी तीन-तीन-तीन असं होतं, म्हणजे अर्ज चेक प्रजासत्ताकाकडे. मग रूममेट म्हणाली की तिला व्हिएन्नात ऑपेरा बघायचाय, म्युझियमं बघायचीत, एक रात्र वाढव. बुडापेस्टची एक रात्र कापली. प्राग तीन, व्हिएन्ना चार, बुडापेस्ट दोन. उतरणार प्रागला, तरी अर्ज ऑस्ट्रियाकडे. हे बाबांना समजावताना मला घाम फुटला.

अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावा लागतो. आम्ही जूनमध्ये जागे झालो. तोवर उन्हाळ्याच्या गर्दीत जवळच्या तारखा संपल्या होत्या. मुंबईतल्या अर्ज केंद्राची ३० जुलैची वेळ मिळाली तेव्हा बोनस मिळाल्यासारखं वाटलं.

मग कागद. पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला, परतीनंतर निदान तीन महिने चालणारा, दोन कोरी पानं असलेला. ते ठीक होतं. ३० हजार युरोंचं किमान संरक्षण देणारा प्रवास विमा, अकराशे रुपयांत, दहा मिनिटांत. हॉस्टेलची बुकिंगं रद्द करता येणारी घेतली. खरी कसरत होती बँकेची. मला सहा महिन्यांचं स्टेटमेंट बँकेच्या सही-शिक्क्यासह हवं होतं. शाखेतल्या काउंटरवर उत्तर मिळालं, "ॲपवरून काढा ना, आता कोण शिक्के मारतं?" दोनदा परत आले. तिसऱ्यांदा रूममेट बरोबर आली. तिने खुर्ची ओढली, बसली आणि म्हणाली, "शिक्का आहे ना तुमच्याकडे? मग आम्ही थांबतो." चाळीस मिनिटांनी शिक्का मिळाला.

तेवढ्यात बाबांनी प्रेमाने घोळ घातला. ‘खात्यात भरपूर दिसले पाहिजेत’ असं कुणीतरी सांगितलं म्हणून मला न विचारता दोन लाख रुपये पाठवले. अर्जाच्या तीन आठवडे आधी अचानक आलेली मोठी रक्कम ही श्रीमंती नाही, शंका ठरते. दर महिन्याला येणारा पगार आणि हळूहळू वाढणारी शिल्लक जास्त बोलते. परत पाठवावेत तर तीही नोंद दिसणार. शेवटी पत्रात सरळ लिहिलं की ही वडिलांनी दिलेली रक्कम आहे, आणि बाबांचं तसं पत्र जोडलं. त्यावर नवीनच अडचण. बाबांचं नाव ज्ञानेश्वर. माझ्या पासपोर्टच्या मागच्या पानावर त्याचं इंग्रजी स्पेलिंग ‘डीएनवाय’ने सुरू होतं, त्यांच्या पॅनकार्डावर ‘जीवाय’ने. ‘ज्ञ’ मराठीत द्न्य आणि हिंदीत ग्य, हे परक्या वकिलातीतल्या माणसाला कोण सांगणार? दोन्ही नावं एकाच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र सांगलीला नोटरीकडे जाऊन करून आणलं. माउलींचं नाव ठेवलं की थोडं सोसावंच लागतं, असं बाबा म्हणाले.

आणि ते पत्र. परतीचा परिच्छेद मी चार वेळा लिहिला. पहिल्या खर्ड्यात देशप्रेम होतं, ते रूममेटने खोडलं. दुसऱ्यात आईवडिलांचं प्रेम होतं, तेही गेलं. "त्यांना भावना नकोत, तारखा हव्यात," ती म्हणाली. शेवटी उरलं ते इतकंच: नोकरीला तीन वर्षं झाली, रजा मंजूर आहे, २३ सप्टेंबरला कामावर रुजू व्हायचं आहे. सोबत कंपनीचं पत्र, पगाराच्या तीन स्लिपा, दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं, घराचा भाडेकरार. एचआरकडून आलेल्या पत्रात आधी ‘रजेवर आहेत’ एवढंच होतं. मी त्यात ‘२३ सप्टेंबरला कामावर परत येतील’ हे वाक्य मागून घेतलं. माझ्या मते सबंध फायलीतलं सर्वांत वजनदार वाक्य तेच होतं, आणि ते माझं नव्हतं.

३० जुलैला सव्वासातची डेक्कन क्वीन पकडली. घाटात धो धो पाऊस, फाइल तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. केंद्रात कागदांची चळत लावून घेणाऱ्या मुलीने माझा फोटो बाजूला काढला. शेंगेनला ३५ बाय ४५ मिलिमीटरचा लागतो. आमच्या गल्लीतल्या स्टुडिओवाल्याने ‘व्हिसाचा’ म्हटल्यावर सवयीने अमेरिकेचा चौकोनी काढून दिला होता. आतल्या आत नवीन फोटो काढला, चौपट पैशांत, आणि त्यात मी भिजलेल्या मांजरीसारखी दिसते. मग दहा बोटांचे ठसे. मुलाखतीची मी महिनाभर तालीम केली होती, पण तिथे कुणी काही विचारलंच नाही. सगळं मिळून पंचवीस मिनिटं. व्हिसाचं शुल्क ९० युरो, म्हणजे तेव्हा नऊ हजारांच्या आसपास, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तर यातला एक रुपया परत मिळत नाही.

पासपोर्ट पंधरा दिवसांत मिळतो, अडलं तर पंचेचाळीसही लागू शकतात. आमचे एकोणीस दिवस लागले. या काळात मी कामापेक्षा जास्त वेळा अर्जाची स्थिती बघितली. आणि एकीकडे युरो चढत होता. फेब्रुवारीत बजेट मांडलं तेव्हा युरो ९० रुपयांच्या आसपास होता, निघताना १०३च्या. तिथे खर्चायच्या आमच्या माणशी साडेआठशे युरोंवर नुसत्या दराने अकरा हजार वाढले. शेवटी माणशी खर्च दीड लाखाच्या पुढे गेला, ठरवला होता सव्वा लाख. पुन्हा जायचं झालं तर मी युरो पहिल्या महिन्यापासून थोडे थोडे कार्डावर भरीन. आम्ही ‘उतरेल, उतरेल’ म्हणत बसलो.

१८ ऑगस्टला लिफाफा आला. स्टिकरवर माझा भिजलेला चेहरा, ११ सप्टेंबरपासून ६ ऑक्टोबरपर्यंतच्या तारखा, आणि खाली मुक्कामाचे दिवस: १०. या दोन गोष्टींत गल्लत होते आणि लोक अडकतात. तारखा म्हणजे उघडलेली खिडकी. तिच्या आत राहायचं मात्र दहाच दिवस, आणि उतरल्याचा व निघाल्याचा दिवसही त्यात धरायचा. १२ ते २१ मोजले तर बरोबर दहा. विमान चुकलं आणि एक दिवस वाढला, तर नियमभंग. आज्जीला व्हिडिओ कॉलवर स्टिकर दाखवलं. दहा दिवस लिहिलंय म्हटल्यावर तिचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "सरकारनंच लिवलंय म्हणजे बरं," ती म्हणाली.

बांधाबांध पटकन सांगते. युरोपीय संघात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे आणि तूप गळालं. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि सांगलीचं भडंग नेलं. मोबाइलच्या चार्जरची आपली दोन बारीक पिनांची टोकं तिन्ही देशांत बसतात, तीन पिनांची बसत नाहीत. चालायचे बूट नवे घेऊ नका. मी घेतले.

प्रागच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या माणसाने पानं उलटली आणि एकच प्रश्न विचारला, "परत कधी?" मी इतकी तयार होते की तारीख, वार, विमानाचा क्रमांक आणि सुटायची वेळ एका दमात सांगितली. त्याने शिक्का मारून दिला. खिडकीपलीकडे गेल्यावर रूममेट म्हणाली, "आज्जीचा माणूस आहे हा."

आमच्या एक्सेलमध्ये प्रागचे तीन दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाचे कप्पे करून भरलेले होते. पहिल्याच सकाळी ते गळून पडले, कारण चार्ल्स ब्रिजवर आम्ही सकाळी सातला पोचलो आणि नऊपर्यंत हललोच नाही. १३५७ साली बांधायला घेतलेला पूल, खाली नदीवर धुकं, आणि गर्दी यायच्या आधीची ती शांतता. तिथून पुढे आम्ही दिवसाला एकच गोष्ट पक्की ठेवली. वेन्सेस्लास चौकात मी काचेच्या एका इमारतीवर ‘बाटा’ वाचून ओरडलेच. शाळेच्या काळ्या बुटांमुळे लहानपणापासून मला बाटा म्हणजे आपल्याकडचीच कंपनी वाटायची. ती याच देशातल्या झ्लीन गावात १८९४ साली सुरू झाली आणि ही इमारत १९२९ची. माझे नवे बूट तोवर टाचेला लागले होते, त्यामुळे हा प्रसंग मला थोडा खोचकच वाटला.

पैशाचा धडाही तिथलाच. एटीएमने पडद्यावर विचारलं, रक्कम रुपयांत घेऊ की स्थानिक चलनात? ओळखीचं दिसलं म्हणून मी रुपये दाबले. बँकेच्या दराऐवजी यंत्राचा दर लागला आणि आठशे-नऊशे रुपये हवेत गेले. कुठेही विचारलं तरी उत्तर एकच: स्थानिक चलन.

पण आमची सगळ्यात मोठी चूक रेल्वेतली. प्राग-व्हिएन्ना तिकीट दीड महिना आधी काढलं होतं, तिकीट फोनमध्ये, त्यामुळे ऐटीत डब्यात चढलो. प्रत्येक सीटच्या वर छोट्या पाटीवर कुणाचं तरी आरक्षण. आपल्याकडे लांबच्या गाडीचं तिकीट आधी काढलं की सीट, बर्थ, डबा सगळं त्यावर येतं. तिथे तिकीट म्हणजे फक्त गाडीत बसायचा हक्क, आणि सीट राखायची तर तीन-चार युरो वेगळे. बुक करताना तो पर्याय आला होता. रूममेटने तो ‘उगाच खर्च’ म्हणून सोडून दिला होता, आणि तिच्या हिशेबातली ही एकमेव चूक मी तिला अजून विसरू दिलेली नाही. ब्रनोपर्यंत अडीच तास दाराजवळ बॅगांवर बसून काढले, भडंग खात. शाळेच्या पुस्तकात वाटाण्याचे प्रयोग करणारा मेंडेल याच ब्रनोच्या मठातला. त्याच्या गावाने आम्हाला दोन सीटा दिल्या, कारण तिथे बरेच लोक उतरले.

व्हिएन्नातली एक रात्र आम्ही उभ्याने काढली आणि तीच सबंध प्रवासातली सगळ्यात सुंदर रात्र. सरकारी ऑपेरागृहात उभं राहून बघायची तिकिटं त्याच दिवशी मिळतात, हॉटेलातल्या एका जेवणाच्या पैशांत. जागा राखायला कठड्याला स्कार्फ बांधायची तिथली जुनी रीत आहे. माझ्याकडे ओढणी होती. मध्यंतरात बाहेर जाऊन आलो तर आजूबाजूच्या करड्या-काळ्या स्कार्फांत माझी राणी रंगाची बांधणी लांबून ओळखू येत होती. टाचेचं दुखणं तिसऱ्या अंकात परत आलं, पण तोवर उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी द्वादशी. व्हिएन्ना आपल्या साडेतीन तास मागे, त्यामुळे सांगलीत दुपारी पान वाढलं तेव्हा आमची सकाळ होती. आईने व्हिडिओ कॉल लावला. खीर, वड्या, अळूची भाजी, सगळं एकेक करून दाखवलं. मागून आज्जीचा आवाज, "तिकडं कावळं हाईत का विचार." मला माहीत नव्हतं. नाश्त्याला आणलेला झेमेल, म्हणजे तिकडचा गोल पाव, खिशात घालून स्टाटपार्कमध्ये गेले. कावळे होते. आपल्यापेक्षा मोठे, कुळकुळीत काळे, आणि बाकांच्या आसपास साहेबासारखे चालत होते. पावाचा एक तुकडा गवताच्या कडेला ठेवून लांब उभी राहिले. रूममेट घड्याळ बघत होती, पण काही बोलली नाही. एकजण आला, तुकड्याभोवती फिरला आणि तो सोडून कचऱ्याच्या डब्याकडे गेला. दुसऱ्याने उचलला. मी घरी फोन करून सांगितलं की लगेच शिवला. पहिल्याचं सांगितलं नाही.

बुडापेस्टला दोनच रात्री ठेवल्या, ही नियोजनातली खरी चूक म्हणेन. डॅन्यूबच्या काठाने रात्री पिवळ्या ट्रामने नुसतं जात-येत राहावं असं ते शहर आहे. १८९६ साली सुरू झालेली तिथली पहिली मेट्रो इतकी छोटी आणि उथळ आहे की जिना उतरायला लागलो की फलाट येतोच. तिथे तिकीट खिशात असून भागत नाही, ते यंत्रात घालून त्यावर ठसा उमटवावा लागतो, आणि तपासणारे दारातच उभे असतात. हे आम्ही आधी वाचलं होतं म्हणून वाचलो. रूममेटला लांगोश सापडला, आपल्या भटुऱ्याचा मोठा भाऊ, वर आंबट मलई आणि किसलेलं चीज. तिने दोन दिवसांत चार खाल्ले.

२१ तारखेला विमानाला पाच तास असताना आम्ही विमानतळावर हजर होतो. दहावा दिवस होता, धोका पत्करायचा नव्हता. अधिकाऱ्याने स्टिकर आणि शिक्का समोरासमोर धरून मनात दिवस मोजले. त्याचे ओठ हलताना दिसत होते. मीही त्याच्याबरोबर मोजत होते.

दसऱ्याला सांगलीला गेले. आज्जीने पासपोर्ट मागितला, चष्मा लावून पान उघडलं आणि विचारलं की यातला परत आल्याचा कुठला. शेंगेनच्या तेव्हाच्या शिक्क्यावर बारीक बाण असायचा, आत येताना चौकटीच्या आत शिरणारा, जाताना बाहेर पडणारा. तो दाखवला. तिने बाहेर जाणाऱ्या बाणावर बोट ठेवलं, पासपोर्ट मिटला आणि उठून आपल्या लोखंडी कपाटात, नऊवारींच्या घडीखाली ठेवून दिला. किल्ली कनवटीला लावली. मी म्हटलं, "आज्जी, तो मला पुण्याला न्यायचाय." ती म्हणाली, "काय काम हाय आता त्याचं?"

डिसेंबर आला. रूममेटने पोर्तुगालची एक्सेल पाठवली आहे आणि माझा पासपोर्ट अजून सांगलीच्या कपाटातच आहे.